रात्रीचा माल गडद, सकाळचा फिका: मास्टरबॅच डोसिंगचा परत परत येणारा बिघाड

गिऱ्हाइकाचा फोन ठरलेला असतो. "एकाच खोक्यात दोन शेड आल्यात, बघून घ्या." मग आपण क्यूसीला (माल तपासणाऱ्याला) बोलावतो, क्यूसी सुपरवायझरला बोलावतो, सुपरवायझर डोसरपाशी (मास्टरबॅच, म्हणजे घट्ट रंगाचे दाणे, मोजून प्लास्टिकात टाकणाऱ्या यंत्रापाशी) जाऊन २ टक्क्यांचे २.२ करून येतो. दोन दिवस माल सरळ निघतो. तीन आठवड्यांनी पुन्हा फोन, आणि यावेळी कुणीतरी २.२ चे १.८ करतो. भोसरीतल्या एका मोल्डिंग शॉपमध्ये (वितळलेलं प्लास्टिक साच्यात भरून वस्तू काढतात तिथे) मी असताना हा खेळ अख्खा पावसाळा चालला होता. डोसर बदलायचं कोटेशनसुद्धा मागवून झालं होतं. डोसर शेवटपर्यंत तोच राहिला.

माल असा होता: पीपी या प्लास्टिकची निळी फ्लिप-टॉप झाकणं, ८ कॅव्हिटीचा (खाचांचा) मोल्ड म्हणजे साचा, कोल्ड रनर (खाचांपर्यंत माल नेणारी वाट; तिच्यातला माल दर वेळी थिजून वेगळा निघतो). एक झाकण साडेतीन ग्रॅमचं, आठांचे २८ ग्रॅम, वर रनर ८ ग्रॅम, म्हणजे शॉट (एका वेळी साच्यात जाणारा माल) ३६ ग्रॅमचा. सायकल १८ सेकंदांची, त्यात बॅरलमधला (तापलेल्या नळीतला) स्क्रू फिरत, पुढच्या शॉटचा माल वितळवत मागे यायला ४ सेकंद; यालाच रिकव्हरी म्हणतात. मास्टरबॅच २ टक्के, फीड थ्रोटवर (बॅरलमध्ये दाणा पडतो त्या तोंडावर) बसवलेल्या छोट्या स्क्रू डोसरमधून. वरच्या हॉपरमध्ये (दाणा भरायच्या डब्यात) नॅचरल, म्हणजे बिनरंगाचा, दाणा आणि त्यात मिसळलेलं ग्राइंडिंग, म्हणजे दळलेला रनर. पुढची सगळी गणितं याच आकड्यांवर केली आहेत. तुमच्या मशीनचे आकडे घालून ती परत करा, कारण उत्तर आकड्यांबरोबर बदलतं.

आधी माल मांडा, मग पाना उचला

शेड बदलतेय हे सगळ्यांना दिसतं. ती किती वेळाने बदलतेय हे कुणी बघत नाही, आणि बिघाड कुठे आहे ते नेमकं तिथूनच कळतं. म्हणून दोन ओळी लावायच्या.

पहिली ओळ: सलग ४० शॉट घ्या, पण प्रत्येक शॉटमधलं एकाच कॅव्हिटीचं झाकण ठेवा. आठही ठेवलीत तर कॅव्हिटी-कॅव्हिटीतला फरक आणि शॉट-शॉटमधला फरक यांची खिचडी होते. झाकणं पांढऱ्या पुठ्ठ्यावर क्रमाने चिकटवा. दुसरी ओळ: दर अर्ध्या तासाने एक शॉट, चोवीस तास. वेळ लिहून ठेवा, आणि त्या वेळी कुणी काय केलं तेही लिहा. हॉपर भरला, लाईट गेली, मोल्ड पुसायला मशीन थांबवलं, काहीही.

गरम झाकणाची शेड बघू नका. काही रंगद्रव्यं गरम असताना वेगळी दिसतात आणि पीपी तर मोल्डमधून निघाल्यावरही जमतच असतं. आणि ट्यूबलाइटखाली ठरवू नका. संध्याकाळी ट्यूबखाली पास झालेला माल सकाळी दारातल्या उजेडात नापास होतो, ही कुणाची लबाडी नसते, रंगाचा स्वभाव असतो. लाइट बॉक्स असेल तर उत्तम, नसेल तर सकाळचा सावलीतला उजेड.

आता ओळी वाचा. एकाच झाकणात पट्टे किंवा ढग असतील तर गोष्ट बॅरलमध्ये आहे. शेजारच्या दोन शॉटमध्ये उडी असेल तर गोष्ट डोसर आणि दाण्यांच्या संख्येत आहे. ४० शॉट एकसारखे आणि चोवीस तासांच्या ओळीत हळूहळू चढ-उतार असेल तर मशीनपाशी उभं राहून काहीच सापडणार नाही. मिक्सिंगच्या कोपऱ्यात जावं लागेल.

आमच्याकडे दोन्ही ओळी बिघडलेल्या होत्या. म्हणूनच टक्केवारी फिरवून काही होत नव्हतं. दोन वेगळे आजार होते आणि औषध एकच चाललं होतं.

मोठी लाट: पाळीगणिक गडद-फिका

चोवीस तासांच्या ओळीत रात्री अकरापासून माल गडद होत गेलेला स्पष्ट दिसत होता. सकाळी सातनंतर हळूहळू उतार. अर्थातच सगळ्यांनी रात्रीच्या ऑपरेटरवर बोट ठेवलं.

इथे एक सावधगिरी. आमचा हॉपर ५० किलोचा. मशीन तासाला ७.२ किलो खातं. म्हणजे भरलेला हॉपर रिकामा व्हायला साधारण सात तास, जवळजवळ एक पाळी. प्रत्येक पाळी सुरू होताना हेल्पर हॉपर भरतो. तेव्हा लाट पाळीची आहे की हॉपरची, हे नुसतं घड्याळ बघून सांगता येत नाही. हॉपरचीही लाट असते. ग्राइंडिंगचे तुकडे वेडेवाकडे, ते ओतले तिथेच ढीग करून बसतात. गोल दाणा घरंगळून कडेला जातो. हॉपर मधूनच आधी रिकामा होतो, म्हणून सुरुवातीला ग्राइंडिंग जास्त आणि शेवटी भिंतीकडचा दाणा जास्त. ग्राइंडिंग रंगीत असेल तर शेडही तशीच सरकते.

वेगळं करायची युक्ती सोपी आहे. एक दिवस हॉपर पूर्ण भरू नका. दर तासाला ७-८ किलोच टाका. लाट हॉपरची असेल तर ती मोडते. आमची मोडली नाही. म्हणजे पाळीचीच होती.

मग रात्री जाऊन मिक्सिंगपाशी बसलो. मिक्सिंगवाल्या मामांना विचारलं, "मामा, ग्राइंडिंग किती टाकता?"

"वीस टक्के, साहेब. कार्डावर लिहिलंय तसं."

"आणि दिवसपाळीत?"

"दिवसा कुठं टाकतात? ग्राइंडर रात्रीच चालतो ना."

ग्राइंडरचा आवाज ऑफिसला सहन होत नाही, म्हणून तो संध्याकाळी सहानंतरच चालवायचा असा कधीतरी नियम झाला होता. दिवसभराच्या दोन पाळ्यांचा रनर पोत्यांत साठत होता, संध्याकाळी दळला जात होता आणि तिन्ही पाळ्यांचं ग्राइंडिंग एकट्या रात्रपाळीत संपवलं जात होतं. कारण सकाळी पोती उरलेली दिसली की मामांना बोलणी बसत. कार्डावर २० टक्के, आणि पोतं मात्र रिकामं झालं पाहिजे.

हिशेब करा. शॉटमध्ये रनर ८ ग्रॅम, म्हणजे ३६ पैकी २२ टक्के. तीन पाळ्यांचा रनर एका पाळीत टाकला तर रात्रीच्या मालात ६६ टक्के ग्राइंडिंग. ते आधीच २ टक्के रंगलेलं. त्यावर डोसर आपले २ टक्के सगळ्या मालावर टाकतोच आहे, त्याला काय माहीत खालून जाणारा दाणा पांढरा आहे की निळा. २ आणि वर ६६ टक्क्यांचे १.३, म्हणजे रात्रीचा माल ३.३ टक्क्यांचा. दिवसाचा २ चा. त्याला दोन शेड म्हणतात.

इतक्या ग्राइंडिंगने प्लास्टिक कमजोरही होतं; त्याच झाकणांची हिंज (बिजागरी) तुटत असल्याची तक्रारही होती. ती वेगळ्या फाइलमध्ये लागलेली होती आणि तिच्यावर मोल्डवाले डोकं खाजवत होते.

उपाय दोन. पहिला: ज्या पाळीचा रनर त्याच पाळीत परत, वजन करून. ग्राइंडरला पत्र्याची आणि फोमची पेटी केली, ऑफिसची तक्रार मिटली. मशीनशेजारी सावकाश फिरणारा छोटा ग्राइंडर लावता आला तर पोत्यांचा प्रश्नच उरत नाही, पण तो खर्च त्या वर्षी मंजूर झाला नाही.

दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा आणि जास्त विसरला जाणारा. मास्टरबॅच फक्त नॅचरल दाण्यावर मोजायचा. २२ टक्के ग्राइंडिंग रोज परत फिरत असेल आणि डोसर एकूण मालावर २ टक्के टाकत असेल, तर पहिल्या फेरीत २.४४ होतात, पुढच्या फेरीत २.५४, आणि साधारण २.५६ वर जाऊन थांबतात. सव्वापट रंग आणि त्याचे पैसेही. १०० किलोत ७८ किलो नॅचरल असेल तर मास्टरबॅच १.५६ किलो. डोसर एकूण मालावर मोजणारा असेल तर त्यावर २ ऐवजी १.५६ लावा. आणि शेड पास करून घेताना ग्राइंडिंगसकट चालवलेलाच नमुना गिऱ्हाइकाकडे पाठवा. शुद्ध दाण्याचा सुंदर नमुना पाठवून नंतर वर्षभर त्याच्या मागे धावत बसू नये.

छोटी उडी: शॉट ते शॉट

पाळीची लाट बसली तरी सलग ४० शॉटच्या ओळीत उड्या होत्याच. चार झाकणं ठीक, मग एक गडद, मग दोन फिकी.

सुपरवायझरने कॅलिब्रेशन करून दाखवलं. डोसर ६० सेकंद चालवला, खाली कागदी कप. हिशेबाने ३६ ग्रॅमचे २ टक्के म्हणजे ०.७२ ग्रॅम, ते ४ सेकंदांत, म्हणजे सेकंदाला ०.१८, मिनिटाला १०.८ ग्रॅम. कपात भरले १०.९. "बघा साहेब, डोसर ओके."

मिनिटाचं वजन बरोबर, पण मशीन मिनिटाने खात नाही, चार सेकंदांनी खातं. तेव्हा तोच कप चार-चार सेकंदांसाठी दहा वेळा धरा. काटा ०.०१ ग्रॅमचा हवा. किराणा दुकानातला चालणार नाही. आमची दहा वजनं ०.३ पासून १.२ पर्यंत नाचत होती. सरासरी मात्र ०.७२! सरासरीने आपल्याला कितीदा असं गंडवलेलं असतं.

कारण डोसरचा स्क्रू होता. आधी त्या मशीनवर मोठा माल चालायचा, तेव्हाचा जाड स्क्रू तसाच राहिला होता. एका फेऱ्यात तीन ग्रॅम टाकणारा. ०.७२ ग्रॅमसाठी तो पाव फेरासुद्धा फिरत नाही. स्क्रूच्या आट्याची कड तोंडाशी आली की ढीगभर पडतो, नाही आली की काहीच नाही. बहुतेक डोसरबरोबर दोन-तीन मापांचे स्क्रू येतात. स्टोअरच्या कपाटात शोधा, मिळतो. आम्हाला तो खोक्यासकट मिळाला, प्लास्टिकची पिशवीही फाडलेली नव्हती. बारीक स्क्रू एका फेऱ्यात ०.३ ग्रॅम टाकतो, म्हणजे एका शॉटला जवळपास अडीच फेरे. दहा वजनं ०.६५ ते ०.८० मध्ये आली.

तरी समाधान नव्हतं, आणि इथे दोष डोसरचा नव्हता. दाणे मोजायची वेळ आली होती.

१०० मास्टरबॅचचे दाणे मोजून काट्यावर ठेवा. आमचे ३ ग्रॅम भरले, म्हणजे एक दाणा ३० मिलिग्रॅमचा. ०.७२ ग्रॅममध्ये असे २४ दाणे. ते आठ झाकणं आणि रनर यांच्यात वाटायचे. एका साडेतीन ग्रॅमच्या झाकणाच्या वाट्याला सव्वादोन दाणे आले. सव्वादोन दाण्यांनी अख्खं झाकण निळं करायचं आहे! २४ दाणे सरसकट मिसळलेले असले तरी निव्वळ योगायोगाने पाचेक इकडे-तिकडे होणारच; २४ चं वर्गमूळ काढलं की तो अंदाज येतो. म्हणजे २० टक्के चढ-उतार कुणाचीही चूक नसताना. बॅरलमध्ये चार-पाच शॉटचा माल एकत्र घुसळला जातो म्हणून तो दबतो. बॅरल लहान आणि शॉट मोठा असेल तर तेवढाही दबत नाही.

आता यावर खरेदी विभागाने काय केलं होतं ते ऐका. त्या सुमारास "स्ट्राँग" मास्टरबॅच आला होता, २ टक्क्यांऐवजी १ टक्का टाकायचा. किलोला महाग, पण झाकणाला स्वस्त, असा हिशेब. कागदावर बरोबर. पण शॉटला २४ दाण्यांचे १२ झाले, झाकणाला जेमतेम एक. १२ चा योगायोगाचा चढ-उतार तीसेक टक्के. तो मास्टरबॅच चालला त्या तीन आठवड्यांत जितका माल परत आला, त्यात पावसाळ्याची बचत वाहून गेली.

छोट्या वस्तूंना, दोन-चार ग्रॅमच्या, उलट दिशेने जायचं असतं. मास्टरबॅच सौम्य घ्या आणि ४ टक्के टाका, किंवा पुरवठादाराकडे बारीक दाणा मागा. तोच २ टक्के, पण दाणा ३० ऐवजी १० मिलिग्रॅमचा मिळाला तर शॉटला २४ ऐवजी ७२ दाणे पडतात. बादली, क्रेट, खुर्ची काढणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल; तुमच्या शॉटमध्ये दाणे शेकड्यांनी असतात.

बॅक प्रेशर वाढवलं आणि रंग वाढला

या एका गोष्टीने आम्हाला सगळ्यात जास्त फिरवलं, म्हणून वेगळी सांगतो.

झाकणात निळे ढग दिसले की ऑपरेटर बॅक प्रेशर (मागे येणाऱ्या स्क्रूला होणारा विरोध) वाढवतो. बरोबरच करतो, स्क्रू मागे यायला जास्त वेळ घेतो, माल जास्त घुसळला जातो, ढग जातात. पण थ्रोटवरचा साधा डोसर मशीनच्या प्लास्टिसायझिंग सिग्नलवर चालतो. स्क्रू फिरतोय तोपर्यंत हा पण फिरतो, ठरलेल्या वेगाने. ४ सेकंदांचे ५ झाले की ०.७२ ग्रॅमचे ०.९ झाले. २ टक्क्यांचे अडीच. पॅनलवर अजूनही सेटिंग तेच! मग दिवसाचा सुपरवायझर येतो, माल गडद बघतो, डोसर खाली आणतो. रात्री कुणीतरी बॅक प्रेशर परत खाली घेतो, कारण सायकल लांबली होती. माल फिका. डोसर वर. एवढंच चक्र, आणि प्रत्येकजण आपापल्या जागी शहाणा.

स्क्रूचे आरपीएम बदलले, बॅरलचं तापमान बदललं, ग्राइंडिंगचं प्रमाण बदलल्यामुळे माल सरकायला अडकला, तरी हेच होतं. नव्या डोसरमध्ये शॉटचं वजन भरलं की तो मागच्या काही शॉटचा वेळ बघून स्वतःचा वेग जुळवून घेतो. तुमच्याकडे तशी सोय असेल तर ती चालू आहे ना बघा; कितीतरी ठिकाणी ती आहे हेच माहीत नसतं. आणि लाईट जाऊन आल्यावर सेटिंग टिकतं का तेही तपासा. एका जुन्या पॅनलची बॅटरी उतरलेली होती, लाईट गेली की ते पॅनल निमूटपणे कारखान्यातून आलं तेव्हाच्या आकड्यांवर जायचं.

झाकणातच पट्टे असतील तर

डोसरला हात लावू नका. पर्जिंगचा लोंदा (बॅरलमधून मोकळा बाहेर काढलेला माल) गार होऊ द्या, करवतीने कापा. आत संगमरवरासारख्या रेषा दिसल्या तर वितळलेला माल नीट मिसळत नाही. बॅक प्रेशर, पुढच्या झोनचं तापमान, स्क्रूची झीज, आणि मास्टरबॅचचा कॅरियर (ज्या प्लास्टिकात रंग घातलेला असतो ते) बघा. पीपीला एलडीपीई कॅरियरचा मास्टरबॅच बहुतेक वेळा चालून जातो, पण प्रवाहीपणात फार फरक असला की पट्टे सुटत नाहीत. रेषा नसून बारीक ठिपके दिसत असतील तर रंगद्रव्य मास्टरबॅच बनवतानाच फुटलेलं नाही. त्यावर मशीनमध्ये औषध नाही, पोतं परत करा. दोन काचांमध्ये पातळ फिल्म दाबून उजेडात धरली तर ठिपके चटकन दिसतात.

वजनावर चालणारा ब्लेंडर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका

ग्रॅव्हिमेट्रिक ब्लेंडर आल्यावर वरच्यापैकी निम्मी दुखणी जातात, कारण तो प्रत्येक घटक तोलून टाकतो आणि चांगल्या यंत्रांत मास्टरबॅच नॅचरलवरच मोजायची सोयही असते. पण त्याची स्वतःची दुखणी असतात, आणि ती लपलेली असतात, कारण स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं.

लोडसेल (वजन मोजणारा भाग) बिचारा प्रामाणिक असतो, त्याला जे टेकेल ते तो तोलतो. लोडरचा (माल ओढून आणणाऱ्या यंत्राचा) पाइप वजनाच्या डब्याला टेकला, कुणी मास्टरबॅचचं पोतं फ्रेमला टेकवून ठेवलं, मशीनच्या डोक्यावरच ब्लेंडर बसवला असेल तर मोल्ड बंद होतानाचा हादरा, वरच्या लोडरने माल खेचताना बसलेला व्हॅक्यूमचा ओढा, हे सगळं ग्रॅममध्ये मोजलं जातं. १ किलोच्या बॅचमध्ये २ टक्के म्हणजे २० ग्रॅम; तिथे २ ग्रॅमची चूक म्हणजे रंगात १० टक्के. महिन्यातून एकदा प्रमाणित ५०० ग्रॅमचं वजन डब्यात ठेवून बघा. डबा काढून धुतला, परत लावला, की शून्य पुन्हा घ्या.

दुसरं, स्लाइड गेट, म्हणजे माल सोडणारी सरकती झडप. त्यात एक दाणा अडकला की गेट पूर्ण मिटत नाही आणि न मागता मास्टरबॅच गळत राहतो. ब्लेंडर थांबवून खाली पांढरा कागद ठेवा, दहा मिनिटांनी बघा. कागदावर तीन दाणे असले तरी गेट गळतंय. कॉम्प्रेसरचा दाब उतरला तरी गेट सावकाश मिटतं, आणि दाब उतरतो तो शेजारच्या मशीनवर कुणी एअर गनने मोल्ड साफ करतं तेव्हा. त्यामुळे हा बिघाड वेळापत्रक पाळत नाही आणि सापडायला दिवस जातात. ब्लेंडरच्या लाइनला वेगळा रेग्युलेटर आणि छोटी टाकी लावली की विषय संपतो.

तिसरं, मिसळलेला माल लांब नेऊ नका. सुरेख मिसळून पाइपातून वीस मीटर ओढला, मोठ्या हॉपरमध्ये उंचावरून पाडला, तर जड-हलकं, गोल-चपटं पुन्हा वेगळं होणार. ब्लेंडर शक्यतो थ्रोटवर, खाली लहानसा हॉपर.

ऋतूची दुखणी

डिसेंबरपासून हवा कोरडी झाली की दाणा आणि ग्राइंडिंगचं पीठ हॉपरच्या भिंतीला चिकटतं, पारदर्शक अ‍ॅक्रिलिकच्या डोसरमध्ये तर दाणे भिंतीवर चढून बसतात. डोसरचं अंग अर्थिंगला जोडा, ग्राइंडिंग चाळून पीठ काढा. हाताने मिक्सिंग करणारे थोडं व्हाइट ऑइल टाकतात, रंग दाण्याला धरून राहतो. थोडं म्हणजे थोडं. जास्त झालं की स्क्रू घसरतो, रिकव्हरी लांबते, आणि रिकव्हरी लांबली की काय होतं ते वर सांगितलंच.

पावसाळ्यात काळ्या मास्टरबॅचवर लक्ष ठेवा. पीपी पाणी पीत नाही म्हणून आपण निश्चिंत असतो, पण कार्बन ब्लॅक पितो. उघड्या पोत्यातला काळा मास्टरबॅच जुलैमध्ये चंदेरी चट्टे देतो आणि लोक मोल्डचं व्हेंटिंग (हवा बाहेर जायच्या वाटा) तपासत बसतात. पोतं बांधून ठेवा, लागेल तेवढाच काढा, ड्रायरमधून घ्या.

एबीएस, पीसी ही प्लास्टिकं चालवणाऱ्यांसाठी एक: हॉपर ड्रायरमधून ८० किंवा १२० अंशांचा गरम दाणा खाली येतो आणि थ्रोटवरच्या डोसरचं तोंड त्याला लागून असतं. मास्टरबॅचचा कॅरियर मऊ होऊन तोंडाशी गोळा बसतो. स्क्रू फिरतो, मोटरचा आवाज येतो, माल पडत नाही. तोंडात बोट घालून बघा. मशीन बंद करून, हे सांगायला लागू नये.

टाकलेलं खरंच गेलं का

पांढऱ्या मालात हे पडताळायला सोपं आहे. मास्टरबॅचमध्ये ६० टक्के टायटॅनियम डायऑक्साइड असेल आणि तो ३ टक्के टाकला असेल, तर वस्तू जाळल्यावर १.८ टक्के राख राहायला हवी. पाच-दहा ग्रॅम माल क्रुसिबलमध्ये (मुशीत), मफल फर्नेसमध्ये (भट्टीत) ६०० अंशांवर पूर्ण जळेपर्यंत. नॅचरलची राख आधी काढून वजा करा. मास्टरबॅचचीही थेट राख काढा, म्हणजे पुरवठादाराचे ६० खरे साठ आहेत का तेही कळतं, आणि स्वस्त मास्टरबॅचमधला खडू उघडा पडतो. राख बरोबर पण पांढरेपणा कमी, तर बहुधा खडूच. फर्नेस नसेल तर संभाजीनगरच्या सीपेट या सरकारी प्लास्टिक संस्थेसारख्या ठिकाणी ही चाचणी करून मिळते. काळ्या मालाला ही युक्ती चालत नाही. कार्बन जळून जातो.

आमच्या डोसरवर आता एक पांढरी चिकटपट्टी आहे. तिच्यावर तीन रकाने: तारीख, रिकव्हरी किती सेकंद, मास्टरबॅचचा लॉट. टक्केवारीचा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. पहिला आठवडा पट्टी कोरीच होती. मग एका सकाळी रात्रीच्या ऑपरेटरच्या अक्षरात ओळ दिसली: "४.०, मग ५.२. थ्रोटचं पाणी बंद होतं. चालू केलं." पाणी थ्रोट गार ठेवतं; ते नसलं की दाणा तोंडाशीच चिकटतो आणि रिकव्हरी लांबते. त्या रात्रीचा माल मी ओळीत लावून बघितला. अकरा शॉट गडद, बाराव्यापासून सरळ. ते अकरा त्याने आधीच बाजूच्या क्रेटमध्ये काढून ठेवले होते.